टेलपर्यंत पोचलेलं पाणी: वाघाडचा कालवा, बाहेरचा पैसा आणि संस्थांची पत

कालवा आहे, पण पाणी नाही. १९८०च्या दशकात नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या शिवारात ही तक्रार घरोघरी होती. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाडचं धरण उभं राहिलं, कालवा खोदून झाला, ओझरची जमीन कागदोपत्री लाभक्षेत्रात आली. सरकारदप्तरी काम पूर्ण झालं होतं. कालव्याच्या शेवटाला, आमच्याकडच्या बोलीत टेलला, बसलेला शेतकरी मात्र पाण्यासाठीचा नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा आणि आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याचं कानावर आलं की फावडं घेऊन चारीवर जाऊन बसायचा. पाणी यायचं ते जमीन ओली होण्यापुरतं, कधी तेवढंही नाही. वरच्या अंगाला रात्री कालव्याची दारं उचलली जायची आणि टेलची पाळी येईपर्यंत आवर्तन संपायचं.

मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच पाणी वापर संस्थांच्या वह्या माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. विकसनशील देशांना मिळणारी परकी मदत कुठे लागू पडते आणि कुठे वाहून जाते, यावर जगभर ढिगाने लिहिलं गेलंय. मला त्या प्रश्नाकडे बघायला वाघाडचा कालवा फार सोयीचा वाटतो. पैसा, कायदा, खातं आणि शेतकरी ही सगळी साखळी इथे एका दिवसात पायी फिरून बघता येते. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो.

ओझरला काय घडलं

समाजवादी कार्यकर्ते बापू उपाध्ये आणि त्यांचे सहकारी भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र केलं. या शिवाराच्या वाट्याचं पाणी किती आणि ते जातं कुठे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. १९९०-९१च्या सुमारास तीन संस्था उभ्या राहिल्या: बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर. सहकार कायद्याखाली नोंदणी झाली आणि पाटबंधारे खात्याशी करार झाला. खात्याने ठरलेलं पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, संस्थेच्या हद्दीवर द्यायचं. पुढचं वाटप, चाऱ्यांची निगा आणि पाणीपट्टीची वसुली संस्थेने बघायची.

यातला मोजून द्यायचा भाग वरवर तांत्रिक वाटतो, पण सगळा बदल त्यातच आहे. जुन्या पद्धतीत पट्टी पिकावर आणि हेक्टरावर बसायची. अमुक पीक, तमुक क्षेत्र, एवढा दर. शेतात पाणी किती घेतलं याला हिशेबच नव्हता, त्यामुळे हाताशी आलेलं पाणी होईल तेवढं ओतून घेण्यातच शहाणपण होतं. एकदा पाणी घनफळावर मिळायला लागलं आणि कोणतं पीक घ्यायचं याची मोकळीक मिळाली, की वाचवलेलं पाणी आपल्याच उपयोगाला येतं. ओझर परिसर द्राक्ष आणि भाजीपाल्याकडे गेला, ठिबक आलं. ठिबकचा प्रचार कुणी कितीही केला असता तरी जुन्या पद्धतीत त्याला हिशेबाचा आधारच नव्हता.

दुसरी गोष्ट मला याहून अवघड वाटते. संस्थांनी कालव्याचं पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींना पाणी उतरवलं आणि विहिरीवर भिजवणाऱ्यांकडूनही पट्टी घेतली. ज्याने गावकीत एकदा तरी वसुलीला हात घातलाय त्याला यातली मेख कळेल. विहीर माझी, मोटार माझी, वीजबिल मी भरतो, मग पट्टी कसली, हा प्रश्न कुणीही विचारणार. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकातून देता येत नाही. ते बैठकीत, ओट्यावर, कधी जेवणाच्या ताटावर द्यावं लागतं, आणि देणाऱ्याने स्वतःची पट्टी आधी भरलेली असावी लागते.

पुढे हे लोण वर चढलं. २००३च्या सुमाराला वाघाडच्या पूर्ण लाभक्षेत्रावर २४ संस्था आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था उभी राहिली. अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आलेला राज्यातला हा पहिला प्रकल्प. हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडचा, शेतकरी यात का आला, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं, कारण त्याला तर पाणी मिळतच होतं. दिंडोरीकडच्या एका जुन्या सभासदाने मला त्याचं कारण साध्या शब्दांत सांगितलं: "पाणी मिळायचं, पण कधी मिळंल ते ठावं नसायचं. द्राक्षाला तारीख लागती, साहेब."

मग बाहेरचा पैसा आला

२००५ साली जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाला ३२ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १४०० कोटी रुपये. कालव्यांची दुरुस्ती, पाणी मोजण्याची साधनं आणि राज्यभर पाणी वापर संस्थांची उभारणी असा त्याचा पसारा होता. त्याच वर्षी राज्याने दोन कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापलं. दुसरा सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा. या दुसऱ्या कायद्यात वाघाडसारख्या ठिकाणचा अनुभव उतरलेला दिसतो: संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व, अध्यक्षपद या तिघांत आळीपाळीने, पाणी मोजून.

इथे एक खुलासा हवा. हे कर्ज होतं, दान नव्हतं. ते फेडावं लागतं. आणि भारताच्या आकारापुढे परकी मदतीची रक्कम तशी किरकोळच. आफ्रिकेतल्या एखाद्या देशाचं निम्मं अंदाजपत्रक मदतीवर चालावं तशी आपली परिस्थिती कधीच नव्हती. आपल्याकडे अशा कर्जाबरोबर पैशापेक्षा नियम जास्त येतात, आणि म्हणूनच नियम रुजतात का हा प्रश्न आपल्याकडे जास्त स्वच्छ दिसतो.

कायदा झाला, निधी आला, आणि राज्यभर संस्था नोंदवण्याची घाई सुरू झाली. ओझरला संस्था टेलच्या गरजेतून आली होती. आता ती प्रकल्पाच्या वेळापत्रकातून यायला लागली.

अशा एका संस्थेच्या वह्या मी तपासल्या आहेत. गाव आणि तालुका सांगत नाही. मायनरच्या, म्हणजे छोट्या उपकालव्याच्या, तोंडाशी प्रवाहमापक नवा कोरा बांधलेला, पण त्यात गाळ बसलेला आणि मोजपट्टी खरवडून गेलेली. दाराचा लोखंडी दांडा जागेवर नव्हता. कार्यालय म्हणजे सचिवाच्या घरातलं एक कपाट. वही मात्र नीटनेटकी! तिन्ही आवर्तनांचा विसर्ग एका अक्षरात, एकाच शाईत लिहिलेला, आणि प्रत्येक दिवसाचा आकडा तोच. वाहतं पाणी असं वागत नाही. धरणात पातळी उतरते, वर कुठे कालवा फुटतो, रात्री कुणी दार उचलतं, आणि आकडा हलतो. चालू असलेल्या संस्थेची वही मी दुसऱ्याच आठवड्यात बघितली होती. तिच्यात खाडाखोड होती, समासात शेरे होते: "पहाटे ३ पासून ४ तास पाणी बंद, कालवा फुटला", "चारी क्र. २ तक्रार, उद्या पुन्हा मोजणे". कोणत्या वहीवर मी निर्धास्त सही केली असेल हे सांगायला नको.

दोन्ही ठिकाणी कायदा तोच होता, कालव्याच्या दुरुस्तीचा दर तोच, सिमेंटसुद्धा जवळपास तेच. त्या पहिल्या गावातल्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांना संस्था हवी होती का, हे कुणी विचारलंच नव्हतं. ठराव झाला, सह्या झाल्या, फोटो निघाला.

जगातला वाद आणि आपला कालवा

अर्थशास्त्रात या प्रश्नावर मोठा वाद झाला. २००० साली क्रेग बर्नसाइड आणि डेव्हिड डॉलर यांनी दाखवलं की चांगली धोरणं असलेल्या देशांत मदतीने विकासदर वाढतो, बाकी ठिकाणी विशेष नाही. हा निष्कर्ष मदत देणाऱ्यांना फार भावला. चारच वर्षांत विल्यम ईस्टर्ली, रॉस लेव्हिन आणि डेव्हिड रूडमन यांनी अधिक वर्षांची आणि अधिक देशांची माहिती घालून तेच गणित पुन्हा केलं, तर निष्कर्ष टिकला नाही. २००८मध्ये रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांनाही मदत आणि वाढ यांच्यात भरवशाचा संबंध सापडला नाही. पुढे हेच दोघे आपल्याकडे अनुक्रमे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले.

यावरून संस्थांची गुणवत्ता बिनमहत्त्वाची ठरते असं मला वाटत नाही. माझ्या मते मोजमाप चुकीच्या उंचीवरून होतंय. एका देशाला संस्थात्मक गुणवत्तेचा एक आकडा दिला, की वाघाडची चालू संस्था आणि कपाटातली संस्था दोन्ही त्या एकाच आकड्यात बुडतात. माझ्या कामात तर त्या दोघींमधलं अंतर दोन देशांमधल्या अंतराएवढं असतं.

म्हणून मला एलिनॉर ऑस्ट्रम यांचं काम जवळचं वाटतं. २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या शंभराहून अधिक सिंचन व्यवस्था अभ्यासल्या. डोंगराळ गावांत शेतकऱ्यांनी दगड, माती, झुडपं घालून कच्चे बांध घातलेले असायचे. पावसाळ्यात ते वाहून जायचे आणि दरवर्षी नव्याने घालावे लागायचे. हेडच्या माणसाला हे एकट्याने जमणारं नव्हतं, टेलच्या माणसांचे हात लागायचे. त्यामुळे टेलच्या शब्दाला वजन होतं: पाणी देत नसाल तर बांधाला येणार नाही. मग परकी मदतीतून पक्कं काँक्रीटचं शीर्षकाम, म्हणजे पाटाच्या तोंडाचा बांध, झालं. हेडला आता कुणाची गरज उरली नाही, आणि हेड-टेलमधली पाण्याची तफावत वाढली. इंजिनिअरच्या दृष्टीने काम उत्तम होतं. त्या कामाने गावातला एक जुना व्यवहार मोडला, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नव्हता.

बागलाणच्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. मोसम आणि आरम नद्यांवरची फड पद्धत काही शतकं अशाच व्यवहारावर चालली. बंधारा सगळ्यांचा, पाट साफ करायला सगळे, पाणी सोडायला आणि राखायला नेमलेला पाटकरी, त्याची मजुरी लाभधारक देणार, आणि पूर्ण फडात एकच पीक, म्हणजे पाण्याची पाळी ठरवताना भांडण नको. जिल्ह्याच्या एका टोकाला हे चालत आलेलं असताना दुसऱ्या टोकाला आम्ही संस्था म्हणजे काय हे प्रशिक्षण पुस्तिकांतून शिकवत होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाहेरचा पैसा नेहमी व्यवहार मोडतोच असंही नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात जर्मन सरकारच्या मदतीने पाणलोट विकासाचं काम झालं. त्यामागे फादर हर्मन बाखर होते, आणि नाबार्ड भागीदार होती. तिथे पैशाचा मोठा हप्ता यायच्या आधी गावाला स्वतःला सिद्ध करावं लागायचं. आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, गावाची समिती. मग क्षमता बांधणीचा एक छोटा टप्पा, आणि तो जमला तरच पुढचं पूर्ण काम. चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांवर जास्त पडतो, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण क्रम बरोबर होता. देणाऱ्याने थांबायची तयारी ठेवली होती. कर्ज मंजूर झालंय, मुदत संपायच्या आत खर्ची पडलं पाहिजे, या घाईत ती तयारी राहत नाही.

युगांडाचं एक उदाहरण लेखापरीक्षक म्हणून मला विसरता येत नाही. १९९१ ते १९९५ या काळात सरकार प्राथमिक शाळांना दरडोई अनुदान देत होतं. रित्वा रेइनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांनी थेट शाळांत जाऊन वह्या तपासल्या, तेव्हा सरासरी १३ टक्केच रक्कम शाळेपर्यंत पोचलेली निघाली. वाटेतल्या जिल्हा पातळीवर बाकीची जिरली. आमच्या कालव्यासारखंच. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती पैसे गेले हे वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाली, आणि काही वर्षांत पोचणारी रक्कम ८० टक्क्यांच्या वर गेली. श्रेय किती वर्तमानपत्राचं आणि किती इतर सुधारणांचं, यावर पुढे मतभेद झाले. माझ्यापुरतं, टेलला बसलेल्या मुख्याध्यापकाला आकडा माहीत होणं, एवढी गोष्ट पुरेशी मोलाची आहे.

आणि हे दुखणं परक्या पैशाचंच आहे असंही समजू नये. २०१२मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतला सिंचनक्षेत्र दहा वर्षांत ०.१ टक्का वाढल्याचा आकडा गाजला, तेव्हा खर्च झाले होते ते आपल्याच तिजोरीतले सुमारे ७० हजार कोटी. सरकारने श्वेतपत्रिका काढून आकड्याचा अर्थ वेगळा लावला. त्याच वर्षी विजय पांढरे या मुख्य अभियंत्यांनी कामांच्या वाढीव किमतींबद्दल आणि दर्जाबद्दल पत्रं लिहिली. तेव्हा त्यांची नेमणूक नाशिकच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत होती.

वाघाड दुसरीकडे का उगवलं नाही

प्रामाणिकपणे सांगायचं तर वाघाडला काही गोष्टी अनुकूल होत्या. द्राक्ष हे नगदी पीक, नाशिकची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, पाणीपट्टी परवडण्याइतका पैसा हातात. उपाध्ये-कावळ्यांसारखी माणसं वर्षानुवर्षं एकाच शिवारात राबली. कोरडवाहू बाजरीच्या गावात हेच जसंच्या तसं होईल असं मी म्हणणार नाही. पण अनुकूल जमीन तर वरच्या अंगालाही होती, आणि सुरुवात टेलने केली. ज्याचं नुकसान सगळ्यात जास्त, त्याच्या हातात मोजपट्टी दिली की ती मोडत नाही, एवढं मी माझ्या कामावरून खात्रीने सांगू शकतो.

कर्जाबरोबर आलेल्या कायद्यांना मी कागदी म्हणून निकालात काढत नाही. याचं कारण पैठणचं जायकवाडी धरण. नियमन प्राधिकरणाच्या २००५च्या कायद्यात खोऱ्यातल्या धरणांनी टंचाईत पाणी समन्यायी वाटून घ्यावं असं कलम आहे. मेंढेगिरी समितीने त्याचं गणित मांडलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. उच्च न्यायालयाने २०१६मध्ये हे तत्त्व उचलून धरलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि आमच्याकडे आंदोलनं झाली. मीही तेव्हा अस्वस्थ होतो. गोदावरीच्या खोऱ्यात आम्ही हेडला आहोत आणि पैठणकर टेलला.

त्या दिवसांत दिंडोरी तालुक्यातल्या एका पाणी वापर संस्थेच्या बैठकीला मी हिशेबाच्या कामासाठी गेलो होतो. विषयपत्रिकेत नसलेला हा विषय निघालाच. दोन-तीन तरुण सभासद तावातावाने बोलले. एका म्हाताऱ्या सभासदांची जमीन चारीच्या अगदी शेवटाला होती. ते बराच वेळ गप्प बसून होते. मग त्यांनी सचिवाला विचारलं, "हितून सोडलेलं तिथं पोचंस्तवर किती जिरतंय, हे कुठं लिहिलंय का?" सचिवाने मान हलवली. "मंग आधी ते मागवा की," ते म्हणाले. खात्याला पत्र लिहायचं ठरलं. सचिवाने इतिवृत्तात ठराव लिहून घेतला, आणि बैठक पुढच्या विषयाकडे, चारी क्रमांक दोनच्या थकबाकीकडे वळली.